जन्मघटकेची शुद्धि

भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिची दंतकथा महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना अपरिचित नाहीं. तिच्या विवाहास एकच शुभ घटका होती. ती साधावी म्हणून पाण्यावर घटिकापात्र तरंगत ठेवलें होतें. कुतूहलानें वांकून पाहणाऱ्या त्या मुलीच्या वस्त्रावरील एक मोतीं पात्रांत पडलें आणि त्यानें तळाचें भोंक बुजलें. पात्र बुडालें नाहीं. घटका मात्र निघून गेली. अकबराच्या आज्ञेवरून फैजीनें इ. स. १५८७ मध्यें ‘लीलावती’चें फारशी भाषांतर केलें, त्यांत ही कथा येते. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाहीं. इतिहास म्हणून ती टिकणारी नव्हे. तथापि ज्यानें ती प्रथम सांगितली त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आकाशांतील काळ चुकत नाहीं; चुकतें तें काळ मोजणारें भांडें.

ह्याच जाणिवेंतून फलज्योतिषांत एक स्वतंत्र प्रकरण निर्माण झालें. मूल जन्मलें, घरच्यांनीं वेळ सांगितली, जोशीबुवांनीं ती टिपून घेतली. पण ती वेळ खरी कशावरून? खरी नसेल तर ती सुधारावी कशी? आपल्याकडे ह्या खटाटोपास जन्मकालशुद्धि किंवा इष्टशोधन म्हणतात. इतर देशांच्या ज्योतिष्यांनींही तोच प्रश्न आपआपल्या परीनें सोडविला. फलज्योतिषावर ज्याचा विश्वास आहे त्याला, आणि ज्याचा नाहीं त्यालाही, हा इतिहास सारखाच बोधप्रद आहे. कारण चुकीचें मोजमाप दुरुस्त करतांना मनुष्याची बुद्धि कोठवर सरळ चालते आणि कोठें आपल्याच भोंवतीं फिरूं लागते, हें त्यांत स्वच्छ दिसतें.

प्रथम चुकीचें परिमाण पाहूं गेल्यास एक अहोरात्र म्हणजे साठ घटका आणि एक घटका म्हणजे साठ पळें. आजच्या हिशोबानें घटका चोवीस मिनिटांची व पळ चोवीस सेकंदांचें. एवढ्या साठ घटकांत बाराही राशि पूर्व क्षितिजावर एकामागून एक उगवतात. त्यांपैकीं जन्मक्षणीं उगवत असलेली राशि तेंच जन्मलग्न. सरासरीनें एक राशि पांच घटकांत उगवते. म्हणजे लग्नाचा एक अंश सरकावयास केवळ दहा पळें, अर्थात् चार मिनिटें पुरतात. नवांशाची मर्यादा तेहतीस पळांच्या आसपास आहे. घटका मोजणाऱ्यानें पात्राचें एक बुडणें विसरलें, तर लग्न सहा अंश ढळलें आणि नवांश तर खात्रीनें पालटला. चंद्र किंवा शनि ह्यांचें स्थान घटकाभरानें फारसें बदलत नाहीं. कुंडलींतील सारी चंचलता ह्या एका लग्नांत सांठलेली आहे, आणि लग्न सर्वस्वीं घड्याळाच्या स्वाधीन आहे.

हें घड्याळ कसें होतें? तांब्याची अर्धगोल वाटी, तिच्या बुडाशीं बारीक भोंक. पाण्यावर ठेविली कीं हळूहळू भरते आणि घटका होतांच बुडते. लल्लासारख्या आचार्यांनीं तिचें वजन दहा पलें, उंची सहा अंगुळें, रुंदी बारा अंगुळें आणि भोंक साडेतीन माशांहून किंचित् कमी सोन्याच्या चार अंगुळें लांब सुईनें पाडलेलें, असें बारकाईनें सांगून ठेवलें. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या यंत्राध्यायांत ह्या मापांस युक्तिशून्य ठरविलें. त्यांचें म्हणणें साधें आहे. वाटी कशीही असो. एका अहोरात्रांत ती किती वेळां बुडते तें मोजावें आणि अहोरात्रास त्या संख्येनें भागावें, म्हणजे त्या वाटीचा काळ मिळतो. येथें सोनाराच्या सुईवर विश्वास नाहीं. विश्वास आहे तो सूर्याच्या एका उदयापासून दुसऱ्या उदयापर्यंतच्या काळावर. यंत्राची पारख यंत्राबाहेरील साक्षीदाराकडून करावयाची, हा ह्या विचाराचा गाभा होय, आणि पुढील सर्व विवेचनांत तो ध्यानीं धरावा लागतो.

परंतु पंडिताच्या वेधशाळेंतील वाटी निराळी आणि बाळंतिणीच्या घरची गोष्ट निराळी. इष्टघटी सूर्योदयापासून मोजावयाच्या. म्हणजे पात्र सूर्योदयास पाण्यावर ठेविलेलें असावयास पाहिजे. श्रावणांतील कोंकणांत सूर्य दिसावा केव्हां आणि घटका धराव्या कोठून? असें पात्र असे तें देवळांत, वाड्यांत किंवा एखाद्या संपन्न जोश्याकडे. इतरांनीं दिवसा सांवलीवरून आणि रात्रीं माथ्यावरील नक्षत्रावरून अदमास करावा. शिवाय जन्मक्षण तरी कोणता धरावा? मस्तक दिसलें तो, देह भूमीस लागला तो, पहिलें रडणें ऐकूं आलें तो कीं नाळ कापली तो? ह्याविषयीं जोश्यांतच मतभेद होते, आणि ह्या दोन टोंकांमध्यें कित्येक पळें सहज निघून जातात. सुईणीचा हात बाळाकडे, घरच्यांचें लक्ष आईकडे. घटिकेकडे पाहणारें माणूस त्या खोलींत बहुधा कोणीच नसे.

ही अडचण केवळ भारताचीच नव्हती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें टॉलेमीनें आपल्या फलज्योतिषावरील ग्रंथांत अगदीं हेंच गाऱ्हाणें मांडलें आहे. जन्मवेळ निश्चित करावयास आकाशाचा प्रत्यक्ष वेध हाच खरा उपाय. छायायंत्रें शंकु हलल्यामुळें चुकतात आणि जलघटिका पाण्याचा ओघ तुंबल्यामुळें किंवा कमीजास्त झाल्यामुळें चुकतात, असें तो म्हणतो. लीलावतीचें मोतीं आणि टॉलेमीचा तुंबलेला ओघ ह्यांत तत्त्वतः अंतर नाहीं. घड्याळ अविश्वसनीय ठरल्यावर मग विश्वास ठेवावा कशावर? ह्या प्रश्नाचीं उत्तरें स्थूलमानानें तीन प्रकारचीं मिळालीं.

पहिला प्रकार सर्वांत घरगुती आणि कदाचित् सर्वांत मनोरम होय. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातकां’त जन्मविधीचा एक अध्याय आहे. त्यांत कुंडलीवरून सूतिकागृहाचें वर्णन करण्याचे नियम दिले आहेत. लग्न आणि चंद्र ह्यांच्या मध्यें जितके ग्रह असतील तितक्या स्त्रिया बाळंतिणीपाशीं होत्या असें समजावें. दिव्यांतील तेल चंद्रावरून, जळालेली वात लग्नाच्या उदित भागावरून आणि दाराची दिशा केंद्रांतील ग्रहांवरून जाणावी. पिता त्या वेळीं घरीं होता किंवा नव्हता हेंही पाहावें. जोश्यांच्या हातीं हे नियम उलट्या बाजूनेंही उपयोगी पडले. खोलींत किती बायका होत्या, वात कितपत जळली होती, हें घरांतील वडील स्त्रीस विचारावें, आणि उत्तर कुंडलीशीं जुळेना तर लग्न सरकवावें. नियम खरे कीं खोटे हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी रीत सरळ आहे. आजीबाईंची आठवण ही कुंडलीबाहेरील साक्ष होती. ती कुंडलीस खोटें ठरवूं शकत होती.

दुसरा प्रकार गणिताचा. ‘बृहत्पाराशरहोरा’ ह्या नांवानें प्रचलित असलेल्या ग्रंथांत प्राणपद नामक एक बिंदु सांगितला आहे. इष्टकालाचीं पळें करावीं, दर पंधरा पळांस एक राशि ह्या मानानें त्यांच्या राशि कराव्या, आणि सूर्य चर, स्थिर किंवा द्विस्वभाव राशींत असेल त्याप्रमाणें ठराविक संस्कार देऊन त्या सूर्याच्या स्थानांत मिळवाव्या. मनुष्यजन्मीं लग्नाचा ह्या बिंदूशीं त्रिकोणादि विवक्षित संबंध असावा असा संकेत. तो नसेल तर वेळ थोडी मागेंपुढें करून तो साधावा. जोश्यांच्या हस्तपुस्तकांतून आणखीही नियम आढळतात. इष्टकालाच्या पळांस दोनशें पंचवीसांनीं भागून बाकी कोणत्या टप्प्यांत पडते त्यावरून मुलगा कीं मुलगी हें ठरवावें, असा त्यांतील एक. बाकी विरुद्ध टप्प्यांत आली, म्हणजे घटका चुकली असें समजावयाचें.

टॉलेमीचा उपाय ह्याच जातीचा होता. जन्मापूर्वीं जी अमावास्या किंवा पौर्णिमा झाली असेल तिच्या स्थानावर ज्या ग्रहाचा अधिकार सर्वांत अधिक, तो ग्रह आपल्या राशींत जितक्या अंशांवर असेल तितकेच अंश लग्नाचे धरावे. फारशी ज्योतिष्यांनीं ह्यास ‘नमूदार’ म्हटलें. तोच शब्द लॅटिन ग्रंथांत ‘अनिमोदार’ होऊन बसला. ह्याच्या जोडीस आणखी एक नियम युरोपांत रूढ झाला. टॉलेमीच्या नांवावर चालत आलेल्या, पण त्याच्या नसलेल्या, शंभर सूत्रांच्या संग्रहांत तो आहे. गर्भाधानसमयीं चंद्र जेथें असेल तें जन्मलग्न, आणि जन्मसमयीं चंद्र जेथें असेल तें गर्भाधानाचें लग्न. ह्यास हर्मीसचा तराजू म्हणत.

ह्या गणिती रीतींचा डौल मोठा आहे. परंतु त्यांत एक खोंच आहे. प्राणपद पंधरा पळांत एक राशि चालतें. म्हणजे चार राशि चालावयास त्याला एक घटका पुरते. तेव्हां एक त्रिकोण सुटला कीं घटकाभरांतच दुसरा येतो. सांगितलेली वेळ कोणतीही असो, तिच्यापासून अर्ध्या घटकेच्या आंतबाहेर नियमास मान्य होणारी एक वेळ बहुधा सांपडतेच. नमूदाराचेंही तसेंच. अमुक अंश प्रत्येक राशींत एकदां येतो. म्हणून दिलेल्या लग्नाच्या पुढें वा मागें पंधरा अंशांच्या आंत तो मिळालाच पाहिजे. ज्या कसोटीस उतरणारें उत्तर नेहमीं हाताशीं असतें, ती कसोटी चूक दाखवीत नाहीं. ती केवळ स्थूल आंकड्यास सूक्ष्म आंकड्याचें रूप देते. सुमारें सहा घटका ही अज्ञानाची प्रामाणिक कबुली होती. सहा घटका तेरा पळें हें त्याच अज्ञानाचें सजविलेलें रूप झालें.

तिसरा प्रकार सर्वांत प्रभावी आणि आजही सर्वांत लोकप्रिय. घड्याळ मुकें, गणित लवचीक. मग माणसाच्या आयुष्यालाच साक्षीस कां बोलावूं नये? विवाह, अपत्य, आजार, मातापित्यांचे मृत्यु ह्यांचीं वर्षें ठाऊक असतात. जी जन्मवेळ धरली असतां तीं वर्षें कुंडलींतून बरोबर निघतात ती खरी. भारतांत ह्यासाठीं दशापद्धति सोयीची पडली. विंशोत्तरी दशेंत जन्मनक्षत्राचा जितका भाग भोगून झाला त्या प्रमाणांत पहिल्या दशेचीं वर्षें कमी होतात. भरणी नक्षत्रावर जन्म झाला तर वीस वर्षांची शुक्रदशा. नक्षत्राचा भोग साठ घटका धरल्यास एका घटकेनें सगळ्या आयुष्याचें वेळापत्रक चार महिने मागेंपुढें होतें, आणि एका पळानें दोन दिवस. युरोपांत ग्रहबिंदु पुढें चालविण्याची रीत होती. तींत एका अंशास एक वर्ष, म्हणजे घड्याळाच्या चार मिनिटांस आयुष्याचें एक वर्ष असा हिशोब बसे.

ह्या तिसऱ्या रीतीचा एक उत्कृष्ट दाखला थोर ज्योतिर्विद योहान केप्लर ह्याच्या चरित्रांत सांपडतो. ग्रहांच्या दीर्घवर्तुळाकार गतीचे नियम शोधून काढणारा हा पुरुष पोटासाठीं पत्रिकाही करी. स्वतःचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजीं दुपारीं अडीच वाजतां झाल्याचें तो नोंदतो, आणि गर्भाधानाचा क्षण म्हणून त्याच वर्षाच्या १६ मेची पहाटेची चार वाजून सदतीस मिनिटें ही वेळ देतो. आईबापांचा विवाह १५ मे रोजीं झाला होता. इतका नेमका क्षण कोणत्याही घड्याळानें टिपलेला नव्हता. तो गणितानेंच काढलेला असला पाहिजे, हें उघड आहे.

इ. स. १६०८ मध्यें प्राग येथें त्याच्याकडे एका तरुण सरदाराची पत्रिका मध्यस्थामार्फत, नांव न सांगतां, आली. तो सरदार आल्ब्रेख्ट व्हालेनश्टाइन होता. तीस वर्षांच्या युद्धांत सम्राटाचा सेनापति म्हणून तो पुढें साऱ्या युरोपास ठाऊक झाला. तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास एका धनाढ्य विधवेशीं विवाह होईल, असें केप्लरनें लिहिलें होतें. विवाह धनाढ्य विधवेशींच झाला. परंतु तो १६०९ सालीं, पंचविसाव्या वर्षीं. व्हालेनश्टाइननें ती पत्रिका जपून ठेविली, कोणती गोष्ट केव्हां घडली त्याच्या टिपा समासांत लिहिल्या, आणि सोळा वर्षांनीं ती केप्लरकडे परत पाठवून अधिक तपशील मागितला. १६२५ मध्यें केप्लरनें जन्मवेळ सुमारें साडेसहा मिनिटांनीं पुढें सरकविली. त्यामुळें कांहीं गोष्टी अधिक जवळ आल्या. चार मिनिटांस एक वर्ष ह्या मानानें साडेसहा मिनिटें म्हणजे दीड वर्षाहून थोडें अधिक. विवाहाचीं सात वर्षें भरून काढावयाचीं तर जवळ जवळ अर्धा तास हालवावा लागता, आणि तो हालविल्यावर बाकीच्या जुळलेल्या गोष्टी पुन्हां विसकटत्या.

केप्लर हें जाणून होता. अमुक दिवशीं अमुक घडेल असें आकाशांतून वाचतां येतें, ह्या समजुतीबद्दल त्यानें त्याच उत्तरांत आपल्या धन्यास कानपिचक्या दिल्या आहेत. त्याचें भविष्यकथन १६३४ च्या मार्च महिन्यांतील भयंकर गोंधळापाशीं थांबतें. त्याच सालीं २५ फेब्रुवारीस एगर येथें व्हालेनश्टाइनचा वध झाला. हा योगायोग पुढें शेंकडों वेळां सांगितला गेला; समासांतील चुकांच्या टिपा मात्र फारशा कोणी सांगितल्या नाहींत.

तिसऱ्या रीतीचें मर्म येथें उघड होतें. घडलेल्या गोष्टींवरून वेळ ठरवावयाची, आणि मग ती वेळ खरी म्हणून त्याच गोष्टी बरोबर निघाल्याचें समाधान मानावयाचें, हा वर्तुळाचा प्रवास आहे. भास्कराचार्यांनीं वाटीची पारख सूर्याकडून केली. येथें वाटीची पारख वाटींतल्याच पाण्याकडून होते. रीत प्रामाणिक ठरावयाची तर एकच मार्ग आहे. कांहीं गोष्टींवरून वेळ सुधारावी, आणि ज्या गोष्टी सुधारणाऱ्यास ठाऊक नाहींत त्या त्या वेळेवरून सांगून पाहाव्या. व्हालेनश्टाइननें समासांत टिपा लिहून हेंच काम नकळत केलें होतें. निकाल सेनापतीच्या बाजूनें लागला, पत्रिकेच्या बाजूनें नव्हे.

तर मग जन्मवेळेची शुद्धि सर्वथा व्यर्थच काय? तसें नाहीं. जेथें बाहेरचा साक्षीदार आहे तेथें ती अत्यंत आवश्यक असते, आणि ह्याचा पुरावा घड्याळें आल्यानंतरच्या काळांत खुद्द मुंबईंतच मिळतो. घड्याळ आलें म्हणजे संशय संपेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत निराळाच घोंटाळा उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई शहर ग्रिनिचच्या चार तास एकावन्न मिनिटें पुढें असलेल्या स्थानिक वेळेनें चाले, तर रेल्वे पांच तास एकवीस मिनिटें पुढें असलेल्या मद्रासच्या वेळेनें. १ जानेवारी १९०६ पासून साडेपांच तासांची प्रमाणवेळ सुरू झाली. परंतु मुंबईनें आपली जुनी वेळ शहराच्या व्यवहारांत १९५५ पर्यंत सोडली नाहीं. महायुद्धाच्या काळांत १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत प्रमाणवेळच एक तास पुढें करण्यांत आली होती. १९४३ सालीं मुंबईंत जन्मलेल्या मुलाच्या टिपणांत सकाळचे दहा लिहिले असतील, तर ते दहा कोणत्या घड्याळाचे? मुंबईच्या वेळेचे कीं युद्धकालीन प्रमाणवेळेचे? दोहोंत एक तास एकुणचाळीस मिनिटांचें अंतर आहे. तेवढ्यांत जवळ जवळ पंचवीस अंश लग्न सरकतें. कित्येक घरांतील जुन्या पत्रिकांतला घोळ ग्रहांचा नसून ह्या घड्याळांचाच आहे. आणि तो दुरुस्त करावयास प्राणपद लागत नाहीं, आयुष्यांतील दुःखांची उजळणीही लागत नाहीं. शहर, तारीख आणि घड्याळ कोणतें होतें एवढें कळलें कीं पुरे.

कुंडली स्वतः बाहेरचा साक्षीदार होऊं शकते, ह्याचेंही एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. शिवछत्रपतींची जन्मतिथि शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया कीं शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, हा वाद दीर्घकाळ चालला. लोकमान्य टिळकांनीं १९१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत दुसरी तिथि मिळाली. पुढें जोधपूर येथील जुन्या कुंडलीसंग्रहांत सांपडलेल्या पत्रिकेनें तिला दुजोरा दिला. गुरु आणि शनि हे मंदगति ग्रह. तीन वर्षांत त्यांचीं स्थानें स्पष्ट बदलतात. म्हणून पत्रिकेंत मांडलेले ग्रह कोणत्या वर्षाचे आहेत हें कोणीही स्वतंत्रपणें गणित करून पाहूं शकतो. २००१ मध्यें महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. येथें कुंडलीचा उपयोग भविष्य सांगण्याकडे झाला नाहीं. तिनें साक्ष दिली, आणि ती साक्ष तपासून पाहतां आली.

आज प्रसूतिगृहांत जन्माचें मिनिट लिहून ठेवतात. भिंतीवरचें घड्याळ दोन मिनिटें पुढें असेल, परिचारिकेनें बाळ पुसून झाल्यावर वर पाहिलें असेल. पण घटकाभराची चूक आतां सहसा होत नाहीं. तरीही वेळ शुद्ध करून देणारे आहेत आणि करून घेणारेही आहेत. कारण मनुष्याला घड्याळाची चूक काढावयाची नसते, त्याला आपल्या आयुष्याचा मेळ कोठेंतरी बसलेला पाहावयाचा असतो. ती इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु मेळ बसविणें निराळें आणि सत्य शोधणें निराळें. पाण्यावरील वाटीकडे पाहणाऱ्यानें मधून मधून मान वर करून सूर्याकडेही पाहावें, हें आठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं सह्याद्रीच्या परिसरांतील एका गणितज्ञानें सांगून ठेवलें आहे.